मधली चित्रं

इसुरुगीबाई मुख्य चित्रं काढतात,
मी त्यांच्या मधली.
पहिल्यात कुराहाची तलवार खांद्यावर,
शेवटच्यात शत्रूच्या गळ्याशी;
ती तिथवर कशी गेली, एवढंच माझं काम.
नेरिमातला तिसरा मजला, रात्रीचा दीड,
काचेखालचा दिवा आमच्या हनुवट्या तेवढ्या उजळतो.

कुराहा पोराटोरांना पाठ आहे.
मुठीनं डोंगर फोडणारा,
पाठीशी ज्वाळा,
बिस्किटांच्या पुड्यांवर, दप्तरांवर, मोज्यांवरसुद्धा.
एक सुळा वर, एक खाली,
एक डोळा किंचित मिटलेला.
मला वाटायचं, स्टाइल असेल.

बाई म्हणाल्या, नाही रे,
हे आमच्या दुकानातलं.

इनामी गावात त्यांचे वडील मूर्ती कोरत,
कापराच्या लाकडात.
वास घरभर, भातालासुद्धा.
दारामागे जी उभी होती तिची लहानपणी त्यांना धडकी भरायची:
निळं अंग, मागे आग,
उजव्या हातात तलवार, डाव्यात दोर.
वडील म्हणत, तलवार बघून सगळेच पळतात,
दोर कुणी बघत नाही.
कशाला आहे दोर?
विहिरीत पडलेल्याला काढायला.
मग ओरडतोय का एवढा?
विहीर खोल आहे म्हणून.

फुदो त्याचं नाव. न हलणारा.
समुद्रापलीकडून आला तेव्हा
अचल होता म्हणे.
बाईंच्या तोंडी 'ल'चा 'र' होतो,
अचर म्हणतात,
आणि चूक होत नाही.

त्यांचं आडनावही बघा,
पहिलं अक्षर दगड,
दुसरं हालणं.
तेहतीस वर्षं हालवण्याच्याच धंद्यात.

वडील मार्चमध्ये गेले.
तिकडे म्हणतात, गेलेला माणूस
एकोणपन्नास दिवस मधेच असतो,
इथून सुटलेला, तिथे न पोचलेला.
बाई चौथ्या दिवशी कामावर.
बारावा भाग डोक्यावर होता.

भाग बारा, कट दोनशे सात:
कुराहाचं गाव ज्यानं जाळलं
तो त्याच्यासमोर, गुडघ्यांवर.
दिग्दर्शकांची चिठ्ठी: राग अजून हवा.
'अजून'खाली लाल पेन्सिलीच्या दोन रेघा.

बाईंनी पहिलं चित्र दिलं, तलवार उगारलेली.
मग तासाभरानं शेवटचं.
मी दोन्ही कागद खिळ्यांवर अडकवले,
वरचा उचलला, टाकला,
उचलला, टाकला.
तलवार हलेना.
ज्वाळा हलेनात. सुळे तिथेच.
तिसऱ्यांदा दिसलं:
डावी मूठ, अकरा भाग नुसती आवळलेली,
शेवटच्या चित्रात सैल झाली होती,
आणि तिच्यातून कमरपट्ट्याचं सुटलेलं टोक
खाली लोंबत होतं,
गुडघ्यांवरल्याच्या हाताला लागेल इतकं.

'मध्ये किती काढू?'
बाईंनी तक्ता सरकवला.
रकान्यात एकच लांब उभी रेघ,
शेजारी आकडा, एकोणपन्नास.
'काढू नकोस. थांब.'

दोन सेकंद आणि वर एक फ्रेम.
निर्माते खूश, तेवढाच खर्च वाचला.
दिग्दर्शक तो कट दार लावून पाहत बसले,
किती वेळा ते माहीत नाही.
बाहेर आले, चिठ्ठीबद्दल काही बोलले नाहीत,
सगळ्यांसाठी मशीनमधून कॉफी आणली,
माझी थोडी सांडली.

त्या रात्री काढायला काहीच नव्हतं.
मी होत्या नव्हत्या त्या पेन्सिली तासल्या,
भुगा कागदात गोळा केला,
उगाच हुंगला. कापूर नव्हता.
टेबलाखाली, कोट पांघरून
इसुरुगीबाई झोपल्या होत्या,
एक डोळा किंचित उघडा.